‘गुरिला’ आणि गनिमी कावा: माझ्याच फॉरवर्डचा खुलासा

रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकलेलं, की इंग्रजांनी आपल्या ‘गनिमी’चा उच्चार बिघडवून छापामार युद्धासाठीचा ‘गुरिला’ शब्द बनवला. काल दादर लोकलमध्ये तोच मेसेज शेजारच्या काकांच्या मोबाईलवर दिसला, माझी टाकलेली तीन भगवे झेंडेवाली इमोजी तशीच्या तशी, आणि खरं सांगतो, लाज वाटली. कारण तोवर मी डिक्शनरी उघडून बघितली होती.

शब्द स्पॅनिश आहे. ‘गेरा’ म्हणजे युद्ध, त्याला ‘इया’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून ‘गेरिया’, म्हणजे छोटं युद्ध (आपलं पेटारा-पेटारी तसं). 1808 मध्ये नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये घुसलं, तिथल्या लोकांनी टोळ्या करून छापे घातले, तिथे लढणाऱ्या इंग्रज सैन्यामार्फत शब्द इंग्रजीत ‘गुरिला’ म्हणून आला. गोरिला या प्राण्याशीही संबंध नाही, तो शब्द ग्रीकमधला.

आणि गंमत म्हणजे ‘गनीम’ही मूळचा मराठी नाही, अरबी-फारसीतून आलाय, अर्थ शत्रू. मुघलांच्या कागदांत मराठ्यांनाच गनीम म्हटलंय!

महाराजांची युद्धपद्धत नेपोलियनच्या दीडशे वर्षं आधीची, प्रतापगड 1659 चा, त्यात काही कमी होत नाही, चूक फक्त शब्दाच्या उगमाची आहे. मी माझा मेसेज डिलीट केलाय. तुमच्याकडे आला असेल तर प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.