चिऊताई, दार उघड!

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतली चिमणी फार संशयी होती. बाहेर कावळा पावसात भिजत उभा असला, तरी बाळाला अंघोळ घालणे, तीट लावणे आणि झोपवणे ही सारी कामे उरकल्याखेरीज ती दाराकडे फिरकत नसे. पुण्यातील आधुनिक गृहस्थाने हा जुनाट सावधपणा टाकून द्यावा. गॅसच्या शेगडीवरची चिमणी साफ करून घ्यायची असेल, तर वर्तमानपत्रातून निसटून पायाशी पडलेल्या गुलाबी पत्रकावरचा क्रमांक फिरवावा आणि पहिल्याच बेलला दार सताड उघडावे. दिवाळीआधीचे पंधरा दिवस यासाठी उत्तम असतात, कारण चकलीची भाजणी दळून आलेली असते, घरात घाई असते आणि घाईतल्या गिऱ्हाइकाला पावती मागण्याचे भान राहत नाही.

पत्रकावर ‘३९९ रुपयांत संपूर्ण सर्व्हिसिंग’ असे छापलेले असते. एवढ्या पैशांत दोन माणसे धायरीहून कोथरूडला येतात, तासभर राबतात, रसायन वापरतात आणि पेट्रोल जाळून परत जातात, हे गणित जमते कसे, असा प्रश्न मनात आलाच तर तो दाबून टाकावा. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी हुज्जत घालण्याची आपली जी ख्याती आहे, ती मंडईतच ठेवून यावी. ज्यांना पत्रकावर विश्वास ठेवणे कमीपणाचे वाटते, त्यांनी इंटरनेटवर कंपनीचे नाव टाकून जो पहिला मोबाइल क्रमांक दिसेल, त्यालाच ‘अधिकृत सेवा केंद्र’ समजावे. वॉरंटी कार्डावर कंपनीचा खरा क्रमांक छापलेला असतो, म्हणून ते कार्ड इतके जपून ठेवावे की गरजेच्या वेळी कोणालाही सापडू नये.

आमची चिमणी धूर नीट ओढत नव्हती, एवढीच तक्रार होती. आलेल्या गृहस्थांनी सर्वप्रथम खालची तेल साठण्याची वाटी काढली. गेल्या आठ महिन्यांच्या फोडण्या तिच्यात मेणासारख्या थिजून बसल्या होत्या. त्यांनी मोबाइलचा उजेड पाडून ती पत्नीच्या नाकाखाली धरली आणि म्हणाले, ‘‘काकू, आज आलो म्हणून वाचलात. उद्या पेट घेतला असता.’’ यातले अर्धे खरे असते. साचलेले तेल पेट घेऊ शकते, आणि म्हणूनच उरलेले अर्धे बिनबोभाट खपते. ती वाटी आणि जाळी हाताने सुटतात, गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून घरीच धुता येतात, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. परंतु माहितीपुस्तिका वाचणे म्हणजे आपल्याला काही ठाऊक नाही अशी कबुली देणे होय, आणि ती कबुली पुणेकर सहसा देत नाही.

त्यानंतर त्यांनी बादलीभर कढत पाणी मागितले आणि बिनलेबलाच्या डब्यातले पांढरे खडे त्यात ओतले. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांचे वैर शाळेच्या रसायनशास्त्रात शिकवलेले असते : फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि धातू झिजतो. तेव्हा आपली जाळी स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची, हे अशा वेळी विचारू नये. आमची चंदेरी जाळी पाण्यातून काळीठिक्कर होऊन बाहेर आली, तेव्हा ‘‘कंपनीचं कोटिंग वर आलंय’’ असा खुलासा मिळाला. कोटिंग वर येते म्हणजे नेमके काय होते, हे आम्ही अद्याप समजून घेत आहोत.

मग मुख्य अंक सुरू झाला. गृहस्थांनी स्टुलावर चढून आत हात घातला, काहीतरी खुडबुड केली, बटण दाबले आणि चिमणी नुसतीच गुणगुणू लागली. ‘‘मोटर बसली सर. कॉइल गेली.’’ तासाभरापूर्वी सकाळचे पोहे याच चिमणीखाली झाले होते, ही बाब अशा प्रसंगी गैरलागू समजावी. गुणगुणणाऱ्या पण न फिरणाऱ्या मोटरचा पुष्कळदा फक्त कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो आणि मोटरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते. तो तपासायला मीटर लागतो. आमच्या गृहस्थांकडे मीटर नव्हता, त्यांना कानानेच कळत होते. मोटर ‘वर्कशॉपला’ नेतो म्हणाले, तर ती अवश्य द्यावी, मात्र तिच्यावरचा क्रमांक टिपून ठेवू नये, फोटो काढू नये आणि वॉरंटीत मोटर येते का, हे तर मुळीच पाहू नये. दोन दिवसांनी जी परत येते ती नवी की आपलीच पुसून आणलेली, असल्या क्षुद्र शंका काढू नयेत. जुना भाग परत मागणे हे तर असंस्कृतपणाचे लक्षण आहे.

बिल ४,८०० रुपये झाले. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. आमच्या पावतीवर वर ‘श्री’ होते आणि खाली रक्कम होती. मध्ये काही नव्हते. त्याच झटक्यात वर्षभराचा देखभाल करारही घ्यावा, आम्ही घेतला.

फसलो असे वाटलेच, तर तक्रार करू नये. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फार सोपा आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. इतकी सोय झाल्यावर तक्रारीत गोडी ती काय उरली? त्यापेक्षा लिफ्टमध्ये भेटेल त्याला ‘हल्ली कोणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही’ असे सांगत चार मजले चढावेत.

असेच सांगताना तिसऱ्या मजल्यावरचे काका आमच्याबरोबर घरात आले. त्यांनी रद्दीतून ते गुलाबी पत्रक काढले, चिमणी सुरू केली आणि कागद जाळीला लावला. ओढ शाबूत असेल तर कागद चिकटून राहतो. पत्रक डोलत डोलत शेगडीवर उतरले. काका काही न बोलता ड्राय बाल्कनीत गेले आणि बाहेर निघणाऱ्या पाइपच्या तोंडात डोकावले. आत काड्या, वायरीचा एक तुकडा आणि त्यांवर ठाण मांडून बसलेली पारवी होती. तिच्याखाली दोन अंडी होती.

पिल्ले उडेपर्यंत फोडणी खिडकी उघडी ठेवून द्यायची, असे घरात ठरले आहे. या रविवारच्या अंकातून ‘कबुतरांसाठी जाळ्या बसवून मिळतील’ असे पत्रक पडले. तेही गुलाबीच आहे आणि त्यावरचा क्रमांक कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. फोन केला आहे, माणूस अकरापर्यंत येतो म्हणाला. दार उघडेच आहे.