व्हिक्टोरियाच्या काळात खरंच ‘शुद्ध’ खायला मिळत होतं का?

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. दीडशे वर्षांपूर्वी, राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये अन्न निर्भेळ होतं, दुकानदार ओळखीचा असल्याने फसवत नसे, खाण्यात रसायनं नव्हती, लोक भरपूर राबत आणि हंगामातलं खात, आणि या सगळ्यासाठी कायद्याची गरजही पडत नव्हती, असा त्यातला दावा. तो वाचून लोक आजच्या अन्नतपासणीलाच नावं ठेवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी ‘निर्भेळ’चं बघू. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने दुकानांतली कॉफी आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कॉफीत मिसळलेली चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची स्वस्त पूड) रसायनशास्त्राला ओळखता येत नाही, असं तेव्हा खुद्द अर्थमंत्री पार्लमेंटमध्ये सांगत होते. हॅसलला ती स्पष्ट ओळखू आली. मग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक थॉमस वॅक्ली यांनी १८५१ पासून त्याच्याकडून बाजारातला एकेक जिन्नस तपासून घेतला आणि दुकानदारांची नावं-पत्ते छापायला सुरुवात केली. दुधात पाणी होतं. वापरलेली चहापत्ती वाळवून, रंग देऊन पुन्हा विकली जात होती. हलक्या पिठाचा पाव पांढरा दिसावा म्हणून त्यात सर्रास तुरटी घालत. तुरटी किरकोळ वाटेल, पण गरिबाचं पोट मुख्यतः पावावरच भरायचं. कॉलऱ्याचा आणि लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा संबंध दाखवणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांनीच १८५७ मध्ये मुलांच्या मुडदुसाशी या तुरटीचा संबंध असावा, असं लिहिलं.

आता ओळखीचा दुकानदार. ब्रॅडफर्डच्या बाजारात विल्यम हार्डेकर साखरेच्या गोळ्या विकायचा. गिऱ्हाइकं त्याला ‘हंबग बिली’ म्हणत (हंबग म्हणजे पेपरमिंटची गोळी), इतका तो सगळ्यांच्या ओळखीचा. साखर महाग, म्हणून त्याला माल पुरवणारा कारागीर गोळ्यांत ‘डॅफ्ट’ घालायचा. डॅफ्ट म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिससारखी स्वस्त पांढरी पूड. ऑक्टोबर १८५८ मध्ये ती आणायला माणूस औषधविक्रेत्याकडे गेला. मालक आजारी होता. नवख्या मदतनिसाने चुकीच्या पिंपातून १२ पौंड पूड मोजून दिली. ती आर्सेनिक होती, म्हणजे जहाल विष. गोळ्या नेहमीपेक्षा वेगळ्या दिसत होत्या. हार्डेकरने त्यावर भाव पाडून घेतला आणि त्या विकल्या. स्वतःही एक खाल्ली आणि आजारी पडला. सुमारे २० माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती; २०० हून अधिक आजारी पडली. खटल्यात कुणालाच शिक्षा झाली नाही. या सगळ्यात चूक एकच झाली, ती पिंपाची. मुलांच्या गोळ्यांत पांढरी पूड घालणं हा रोजचा व्यवहार होता, आणि बिलीच्या ओळखीने त्यात काहीच फरक पडला नव्हता.

रसायनं नव्हती म्हणणाऱ्यांनी मिठाईचे रंग बघावेत. पिवळ्यासाठी लेड क्रोमेट हे शिशाचं विषारी संयुग, लालसाठी शेंदूर, हिरव्यासाठी तांब्याचं आर्सेनिकयुक्त संयुग. त्यातलं लेड क्रोमेट तर आजही आपल्याकडे भेसळीच्या हळदीत सापडतं. मजकुरातली एक गोष्ट मात्र मान्य करतो: तेव्हाचे कष्टकरी भरपूर राबत आणि बराच भाजीपाला हंगामातला असे. पण इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार अर्भकांपैकी दीडशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत होती. त्यामागे कारणं अनेक, पण अशुद्ध दूध त्यातलं एक ठळक कारण.

राहिला कायदा. १८६० पर्यंत सगळ्या खाद्यपदार्थांसाठी असा एक कायदा नव्हता हे खरं, आणि त्याचा परिणाम वर दिसलाच. रॉचडेलच्या कामगारांनी १८४४ मध्ये स्वतःचं सहकारी दुकान काढलं, तेव्हा निर्भेळ माल आणि पूर्ण माप हाच त्यांचा आग्रह होता. बाजारात ते मिळत असतं तर मजुरांनी पै-पै जमवून दुकान कशाला उघडलं असतं? १८६० मध्ये भेसळविरोधी कायदा आला, पण तपासनीस नेमायचा की नाही हे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडलेलं, त्यामुळे तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. खरा वचक बसू लागला तो १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्याने. तरीही १९०० साली मँचेस्टर परिसरात बिअरमध्ये आर्सेनिक गेलं, कारण ती बनवायला वापरलेली साखर दूषित सल्फ्युरिक आम्लाने तयार केली होती. हजारो लोक आजारी पडले. चौकशीसाठी शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमावं लागलं, आणि अन्नात आर्सेनिक किती चालेल याची मर्यादा ठरवण्याची शिफारस त्या कमिशनने केली.