पैसेच आले नाहीत, तर रिसीट कशाची?

आज पुन्हा तोच मेल. "पेमेंट प्रोसेस करायचंय, कृपया रिसीट पाठवा." अहो, पैसे खात्यात यायचेत अजून! तुम्हाला हवंय ते इन्व्हॉइस, आणि ते मी कधीच पाठवलंय.

दोन्हींवर नाव, तारीख, रक्कम असते, म्हणून काहीही म्हटलं तरी चालतं असं लोकांना वाटतं. नाही चालत. इन्व्हॉइस ही मागणी असते: हे काम केलं, हा दर, हा कर, एकूण इतके झाले, अमुक तारखेपर्यंत द्या. रिसीट ही कबुली: पैसे मिळाले. इन्व्हॉइस गेल्यापासून रिसीट निघेपर्यंत ती रक्कम माझ्या वहीत येणं असते आणि तुमच्या वहीत देणं. रिसीट फाडली की हिशेब मिटला.

माझी एक मैत्रीण चित्रं काढून देते. सुरुवातीला तिला एकांनी सांगितलं, "आधी रिसीट द्या, मग पैसे सोडतो." तिनं विश्वासानं 'रक्कम मिळाली' लिहून सही करून दिली. मग तिथला माणूस बदलला. नव्यानं फाइल उघडली, तर आत तिच्याच सहीची रिसीट! पैसे मिळाले नाहीत हे आता सिद्ध कुणी करायचं? तिनंच. बँकेचं स्टेटमेंट काढा, जुने मेल शोधा, फोनवर विनवण्या करा. स्वतःच्या कष्टाच्या पैशांसाठी! हे लिहितानाही डोकं तापतंय.

बरं, काउंटरवर रोख मोजून वस्तू घेतली की एकच कागद दोन्ही कामं करतो, हे मान्य. पण आमची कामं उधारीची. महिन्याची मुदत, वर आठवणीचे मेल.

मेल लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला हा फरक कुणी सांगितलाच नसेल. मैत्रिणीलाही कुठे कुणी सांगितला होता? चित्रकला शिकवली, बिलं करायला कुणी शिकवलं नाही. तिचे पैसे शेवटी आले, तेही तुकड्यातुकड्यांनी. तेव्हा तिनं प्रत्येक हप्त्याची वेगळी रिसीट दिली. प्रत्येकीवर इन्व्हॉइसचा नंबर आणि उरलेली बाकी. असंच करायचं असतं.

काही ठिकाणी आगाऊ रिसीट घ्यायची पद्धतच असते, तेही ठाऊक आहे. नवीन काम सुरू केलेल्यांनो, तिथं फारच अडून बसले तर 'रक्कम अद्याप मिळालेली नाही' असं त्याच कागदावर ठळक लिहा आणि मगच सही करा.