‘कायमीरा’, मृगजळ आणि शब्दकोश उघडण्याचा सल्ला

‘एक परखड वाचक’ यांस,

नमस्कार. ‘कायमीरा’ (chimera) या इंग्रजी शब्दाला मी मराठीत ‘मृगजळ’ सुचवलं, त्या टिपणाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. मी उच्चार ‘चिमेरा’ असा दिला, तो चूक. जीवशास्त्रात कायमीरा प्रत्यक्षात असतो, म्हणून ‘अशक्य गोष्ट’ हा अर्थ आता जुनाट झाला. आणि तिसरी जशीच्या तशी देतो : “कायमीराला मृगजळ म्हणणाऱ्यांनी गुगलवरून विद्वान होण्याआधी एकदा शब्दकोश उघडावा.”

उच्चार चुकला, मान्य. आज सकाळीच दुरुस्त केला.

आता शब्दकोश. अहो, मी अनुवादावर पोट भरायला लागलो तेव्हा गुगल जन्माला यायचं होतं. माझ्या टेबलावर मोल्सवर्थ आहे, १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण, वडिलांनी हप्त्याने घेतलेलं. त्याची शिवण केव्हाच उसवली. आईच्या परकराची जुनी नाडी गुंडाळून ठेवतो, आणि दिवसातून चार वेळा ती सोडतो-बांधतो. तेव्हा ‘एकदा उघडावा’ हे कुणाला सांगताय, याची चौकशी तरी करायची होतीत. विद्वान मी स्वतःला कधीच म्हणवलेलं नाही. तो शब्द तुमचा, आणि तो तुम्ही कौतुकाने वापरलेला नाही, एवढं मराठी मला कळतं.

मुद्द्यावर येतो. कायमीरा मूळची शेळी, ग्रीक शब्दाचा अर्थच तो. ‘इलियड’मध्ये ती पुढून सिंह, मागून साप, मध्ये शेळी आणि तोंडातून आग ओकणारी. बेलेरोफॉन या ग्रीक वीराने तिला मारलं. तिन्ही जनावरं खरी, त्यांची मोट तेवढी खोटी. आपल्या शास्त्र्यांकडे याला चपखल जोड आहे : शशशृंग. ससा खरा, शिंगही खरं, सशाचं शिंग नाही. आकाशपुष्पाचं तेच. वंध्यापुत्र त्याहून पुढचा, कारण मुलगा झाला की ती वांझ उरतच नाही. मृगजळ या पंगतीत बसत नाही. ते निदान डोळ्यांना दिसतं. हे तुम्ही लिहिलं असतंत तर मी तुमचे आभार मानले असते. तुम्ही लिहिलंत ‘गुगल’.

आणि वाक्य तरी काय होतं? सरकार एका कायमीराच्या मागे धावत आहे. तिथे ‘सरकार सशाच्या शिंगामागे धावत आहे’ असं घालून मोठ्याने वाचा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी ससा पळतो, सरकार मागेच राहतं. मराठी माणूस धावतो तो मृगजळामागे. सशाचं शिंग रानात हिंडून शोधायचं असतं. वाळूचे कण रगडून तेल काढणाऱ्या वामनपंडितांच्या श्लोकात तसंच आहे, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला. त्याचा शेवटचा चरण इथे देत नाही, उगाच तुमचा गैरसमज व्हायचा.

राहता राहिलं जीवशास्त्र. हान्स विंकलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०७ साली टोमॅटो आणि कामोणीच्या जातीतलं झाड यांच्या कलमातून निघालेल्या फांदीला हे नाव दिलं, हे मला ठाऊक आहे. शिकवू नका. २००३ साली एका औषध कंपनीच्या माहितीपत्रकात उंदराचा आणि माणसाचा भाग जोडून केलेल्या ‘कायमेरिक’ प्रतिपिंडांना (अँटिबॉडीजना) मी ‘काल्पनिक प्रतिपिंडे’ लिहून बसलो होतो. तिथल्या डॉक्टरबाईंनी फोन केला, “अहो, ही काल्पनिक असतील तर आम्ही पेशंटला सलाइनमधून काय देतोय?” तेव्हापासून तिथे मी ‘संकरित’ही लिहीत नाही, सरळ ‘कायमेरिक’ लिहितो. पण प्रयोगशाळेतला अर्थ आला म्हणून वर्तमानपत्रातला जुना अर्थ मेला, हे कुठल्या शब्दकोशात वाचलंत? इंग्रजी अग्रलेखांत तो आजही रोज भेटतो.

तुमची दुसरी प्रतिक्रिया, नुसती ‘हा हा’ अशी, मी काढलेली नाही. मूळ टिपणात मृगजळाशेजारी शशशृंगही घातलं आहे. ते माझं मलाच सुचलं.