चीज नाचोज कुणाचे?

एक मिनिट. फक्त एक मिनिट गप्प बसायचं होतं हो. तीन तासांच्या पिक्चरमध्ये दिग्दर्शक नोलनने आपल्याकडे मागितलं ते एवढंच, आणि आपल्याला तेही जमलं नाही.

अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा ‘ओपनहायमर’ बघून काल रात्री दीडला घरी आलो. डोकं अजून ठिकाणावर नाही, आणि ते पिक्चरमुळे नव्हे. पिक्चर खणखणीत आहे. बंद खोलीत कोटवाले लोक टेबलाभोवती बसून बोलतायत, बस्स. तरी मी खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो. ओपनहायमर झालेल्या किलियन मर्फीचे ते खोल गेलेले डोळे! शेवटच्या तासात त्याचा वैरी स्ट्रॉस, त्याचं राजकारण जरा लांबलं, पण त्या भूमिकेत रॉबर्ट डाऊनी ज्युनियर असल्यावर तेही चालवून घेतलं. नोलनच्याच ‘टेनेट’सारखं संवाद ऐकायला कान टवकारावे लागले नाहीत, हे आणखी एक सुख.

पण बघू दिला तर ना!

नोलनने कृष्णधवल प्रसंगांसाठी कोडॅककडून आयमॅक्सची फिल्म खास बनवून घेतली. तशी फिल्म त्याआधी अस्तित्वातच नव्हती. पूर्ण पिक्चरची ती प्रिंट म्हणे ११ मैल लांब आणि ६०० पौंड वजनाची. आपल्या नशिबी अर्थात डिजिटल, त्यात डावीकडे ‘बाहेर’चा लाल दिवा बॉम्ब जिथे बनला त्या अख्ख्या लॉस अलामॉसवर उजेड पाडत बसलेला. ७५० रुपये तिकीट. आधी पंचवीस मिनिटं जाहिराती: बिल्डर, सोनार, परत बिल्डर, मग फुफ्फुसाचा तो स्पंज पिळणं.

स्पंज पिळून भागत नाही, कारण ओपनहायमर सिगारेट ओढतो. सतत ओढतो. आणि दर वेळी कोपऱ्यात धूम्रपानाची सूचना उगवते. तो क्वांटम शिकवतोय, सूचना. चौकशी समितीसमोर त्याची अब्रू जातेय, सूचना. याच पाटीपायी वुडी अ‍ॅलनने २०१३ साली आपला ‘ब्लू जास्मिन’ भारतात लावूच दिला नव्हता. तेव्हा मला तो आढ्यताखोर वाटला होता, आता त्याचं म्हणणं कळतं. (खरा ओपनहायमर १९६७ साली घशाच्या कॅन्सरने गेला, म्हणजे सूचना चूक नाही. पण त्याला मेल्यावर सांगून काय उपयोग?) शिवाय नग्न प्रसंगात नटी फ्लोरेन्स प्युला झाकायला कॉम्प्युटरवर शिवलेला काळा फ्रॉक. शिंपी कोण होता कोण जाणे, मापाचा तरी शिवायचा.

दीड तासाने मध्यंतर. नोलनने ठेवलेलं नाही, थिएटरवाल्याने ठेवलेलं. वाक्य अर्ध्यात तुटलं, दिवे लागले आणि पॉपकॉर्नच्या टबावर सूट असल्याचं कळलं. सुरीने पुरणपोळी मधोमध कापून ‘आता जरा हात धुऊन या’ म्हणावं तसं.

आणि मग ट्रिनिटी, अणुबॉम्बची पहिली चाचणी. १६ जुलै १९४५, न्यू मेक्सिकोचं वाळवंट, पहाटेचे साडेपाच वाजत आलेले. उलटी मोजणी सुरू, व्हायोलिनं अंगावर चढतायत, माझ्या तळहातांना घाम. तेवढ्यात माझ्या गुडघ्यांवर टॉर्च.

“सर, चीज नाचोज आणि एक पेरीपेरी फ्राइज?”

“माझे नाहीत.”

“जी अकरा ना सर?”

“अहो दादा, ही एच रांग आहे!”

स्फोट झाला आणि आवाज बंद. पूर्ण बंद. लांब उभ्या असलेल्यांना उजेड आधी दिसतो, आवाज मागाहून येतो. नोलनने ते तसंच ठेवलंय, मिनिटभराहून जास्त. पडद्यावर आगीचा लोळ, कानांवर फक्त एका माणसाचा श्वास. अख्खा पिक्चर त्या शांततेसाठी रचलाय. आणि त्या शांततेत, माझ्या मागच्या सीटवरून, स्वच्छ पुणेरी स्वरात:

“हां, बोल. पिक्चरला आलोय. नाही नाही, बोल ना. सिलिंडर आला का? मग रेग्युलेटर नीट बसवला नसेल. वास येतोय का बघ.”

पुढे कुठेतरी नाचोज चावण्याचा कुडुमकुडुम आवाज. म्हणजे जी अकरा सापडला होता.

मी मागे वळून म्हटलं, “काका, प्लीज.” काकांनी मलाच हाताने ‘थांब’ अशी खूण केली. तेवढ्यात स्फोटाचा आवाज आला, खुर्च्या हादरल्या, आणि काका फोनवर म्हणाले, “ठेवतो गं, इकडे काहीतरी फुटलंय.”

हसू नका. मला त्या क्षणी रडू येत होतं. हा दिग्दर्शक वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतोय, थिएटरात जाऊन बघा, मोठ्या पडद्यावर बघा. मीही घरी मोबाइलवर बघणाऱ्या भावाशी यावरून भांडलोय. आता कुठल्या तोंडाने भांडू?

बाहेर पडताना लिफ्टमध्ये काका होतेच. शेजारच्यांना सांगत होते, “काय नाही हो, नुसती बडबड आहे.”

मी परत तिकीट काढलंय. मंगळवारी, सकाळी पावणेसातचा शो, दुसरी रांग. मान दुखेल, पण किचन आठशिवाय उघडत नाही, हे काउंटरवर विचारून आलोय.