काशीफळवाले सर

शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला तो रात्री 9:40 ला. उद्या ज्युनिअर केजीचा ऑटम डे, प्रत्येकानं पाच ड्राय मेपल लीव्ह्ज आणाव्यात, रेड, ऑरेंज, यलो, आणि एक क्यूट स्मॉल पम्पकिन, त्याच्यावर मुलं डोळे-नाक काढणार, ड्रेस ऑरेंज नाहीतर ब्राऊन. खाली लगेच आयांचे अंगठे सुरू. मी बायकोला म्हणलं, लातुरात मेपल कुठं मिळंल? ती म्हणली, फॅन्सी ड्रेसचं मी बघितलं होतं, हे तुम्ही बघा. अन् कूस बदलून झोपली.

सकाळी साडेसहाला गंजगोलाईत. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, मधी देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि 16 रस्ते येऊन मिळतात. सोन्यापासून सुतळीपर्यंत काय पाहिजे ते घ्या, फक्त क्यूट काशीफळ मिळत नाही. आपल्याकडं काशीफळ म्हणजे दोन हातानं उचलायचं अन् विळ्यानं फोड करून विकायचं.

एका मावशीपुढं काशीफळांची रास दिसली.

"मावशी, लहान आहे का?"

"केवढं लहान?"

मी मूठ दाखवली.

मावशीनं मुठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एवढं कच्चं तोडलं तर पाप लागतंय भाऊ. फोड घ्या की, पावशेर देते."

"फोड नको, अख्खं पाहिजे."

"वास्तुशांत हाय का? मग त्याला कोहळं लागतंय, काशीफळ न्हाई चालत. कोहळं हाय मज्याकडं."

"शांत नाही मावशी. त्याच्यावर डोळे काढायचेत."

"नजर काढायची व्हय! मग मीठ-मिरच्या घ्या, काशीफळाला कशाला तरास?"

"पोरीच्या शाळेत लागतंय. शिकायला."

"काय शिकायला?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी म्हणलं, "काशीफळ."

मावशीनं तराजू खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. "फी किती हाय?"

आणि मी सांगितली! का सांगितली मला अजून कळलेलं नाही, इन्कम टॅक्सवाल्याला सांगताना माणूस दोनदा विचार करतो.

"38 हजार!" मावशीनं बाजूच्या लसूणवालीला हाक मारली. "अगं ए, हे सर पोरीला 38 हजार देऊन काशीफळ शिकवायलेत!"

"अन् दोडकं?" लसूणवालीनं विचारलं.

"दोडकं पुढल्या वर्गात आसंल."

तोवर चार गिऱ्हाईकं जमली. एक धोतरवाले आजोबा, ज्यांचा काही संबंध नाही, ते म्हणाले, "शिकून पोरगी काय होणार मग, भाजीवाली?" झालं. मावशी उसळली, "का वो, भाजीवाली वाईट हाय का? ह्याच्यावरच दोन पोरी उजवल्या म्या." आजोबा म्हणले मी तसं म्हणलो नाही, मावशी म्हणली मग कसं म्हणलाव, आणि त्या दोघांच्या मधी मी हातात पिशवी धरून उभा, माझी शाळेची वेळ होत चाललेली. शेवटी रास उपसून त्यातलं सगळ्यात बारकं काढलं, ते भरलं साडेतीन किलो, 140 रुपये. पैसे घेता घेता मावशी म्हणली, "बाईला सांगा, बिया फेकू नगा. वाळवून ठिवा, पाऊस पडला की उकिरड्याच्या कडंला टोचा, येल येतोय. हे फुकट शिकवलं."

पानांचं तर विचारूच नका. ऑक्टोबरमधी लातुरात पान वाळतं कुठं? कडुनिंब हिरवागार, पिंपळ हिरवागार, उकाडा नुसता. तिकडं थंड देशात दिवस लहान झाला, गारठा पडला की मेपलच्या पानातला हिरवा रंग मोडतो, खाली दबलेला पिवळा दिसायला लागतो, अन् लाल तर ते पान नव्यानं तयार करतं. आपली झाडं पानं टाकतात ती थंडीपायी नाही, पाण्यापायी. पानगळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च, पळस निष्पर्ण होऊन फुलतो तेव्हा. झाडाला कळतं की पुढं उन्हाळा आहे, पाणी पुरवून वापरायचं. हे या शहराला मेपलवरून कशाला शिकायला पाहिजे, 2016 ला इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलंय, तेव्हा घागरी घेऊन मीच रांगेत होतो.

आणि ऑक्टोबरमधी खरी पानगळ बघायची असंल तर सोयाबीनच्या रानात जावं. काढणीला आलं की पानं पिवळी पडून गळतात, नुसत्या शेंगा उभ्या राहतात. 2025 ला तर सप्टेंबरातच रानात पाणी थांबलं, भावाच्या शेतात शेंगा जाग्यावर काळ्या पडल्या. त्या हंगामाला हमीभाव होता 5328 रुपये क्विंटल, आडतीवर भाव विचारला की त्याच्या खालीच, वर ओलावा किती, डाग किती. पण त्याला कुणी ऑटम म्हणत नाही अन् ऑरेंज ड्रेस घालत नाही. जाऊ द्या.

तर मी गल्लीतल्या देशी बदामाखालची तीन तांबडी पानं उचलली, गावाकडून धान्याच्या पोत्यात आलेली सोयाबीनची दोन पिवळी पानं घेतली, झाली पाच. दसऱ्याची आपट्याची पानं पण घरात होती (आपट्याची म्हणायचं, बाजारात निम्मी कांचनाचीच असतात), पण पोरगी म्हणली ते सोनं आहे, द्यायचं नाही. तिला बरोबर कळतंय.

ऑटोवाले काका काशीफळ बघून म्हणले, "सर, हे चौथं सीट झालं." म्हणून गाडीवर मीच सोडायला गेलो, पुढं पोरगी, पायात काशीफळ. गेटवर सगळ्यांकडं ऑनलाईन मागवलेली प्लास्टिकची मेपलची माळ अन् लिंबाएवढे थर्माकोलचे भोपळे. मिसनी आमची पानं चिमटीत धरली. "सर, हे मेपल नाहीये." मी म्हणलं, मॅडम, हे खरं पान आहे. त्या हसल्या. "हो सर, पण थीम आहे ना. नेक्स्ट टाईम थोडे एफर्ट्स घ्या." चार पालकांसमोर. साडेसहापासून फिरतोय मी!

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक अन् अनुताई वाघांनी 1945 ला समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी काढली, तिथं पोरं आजूबाजूची पानं, खडे, शिंपले घेऊन शिकायची. हे सगळं मला तिथंच बोलायचं होतं, तोंडाशी आलं होतं, पण आठवलं ते परतीच्या सिग्नलला. माझं नेहमी असंच होतं.

दुपारी ग्रुपवर फोटो आले. सगळी पोरं प्लास्टिकच्या माळेखाली, आमची कोपऱ्यात काशीफळावर बसलेली, खुर्चीसारखी. तिला विचारलं काय शिकली? "फॉल." म्हणजे काय? तिनं सोफ्यावरून खाली पडून दाखवलं.

काशीफळ परत आलं, एका बाजूला स्केचपेनचा एक डोळा. आठवडाभर भाजी, मग घारगे, मग शेजाऱ्यांना. बिया मी गॅलरीत वाळत घातल्यात, बायकोला सांगितलं नाही का ते.

परवा लिंबं घ्यायला गोलाईत गेलो तर लांबूनच हाक आली, "ओ काशीफळवाले सर! झालं का शिकून? दोडकं कधी काढू?" लसूणवाली पण हसायली, आजोबा पण होते. लिंबं न घेताच मागं वळलो. गोलाईला 16 रस्ते आहेत, मी आता 15 च वापरतो.