एफएमजीईत कोटा नसतो हो

बारावीचा निकाल लागला की सांगली-मिरजेच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला: ‘परदेशात एमबीबीएस केलेल्या पोरांना सरकार मुद्दाम नापास करतं. पासचा कोटा ठरलेला असतो. पेपर पीजीचा काढतात. इथल्या पोरांना मात्र परीक्षाच नाही. पास नाही झालं तरी प्रॅक्टिस चालते, ओळख लागते.’ ही परीक्षा म्हणजे एफएमजीई, परदेशात एमबीबीएस केलेल्यांना इथं प्रॅक्टिस करायची तर पास व्हावी लागते ती. मी किर्गिझस्तानात बिश्केकला शिकलो आणि दुसऱ्या खेपेला ती सुटलो, म्हणून पाचजणांनी तो मेसेज मलाच पाठवला.

‘कोटा असतो.’ नसतो. 300 प्रश्न, 150 बरोबर आले की पास. चुकल्याला मार्क कापत नाहीत, रँक लागत नाही. सगळ्यांना 150 पडले तर सगळे पास. निकाल कमी लागतो हे खरं, बऱ्याचदा पाचातला एखादाच सुटतो. पण ती एका बॅचची टक्केवारी नव्हे. परीक्षा वर्षातनं दोनदा होते आणि जुने नापास दरवेळी नव्यानं मोजले जातात. चौथ्या खेपेला सुटलेला पोरगा आधीच्या तीन निकालांत नापासात असतो. (माझ्या पहिल्या नापासाला मात्र कुठलं गणित नको. अभ्यास केला नव्हता.)

‘पेपर पीजीचा.’ अभ्यासक्रम एमबीबीएसचाच आहे, पण इथं दुखणं खरं आहे. 30 मार्क नुसते पीएसएमला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाला: आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, आपला क्षयरोग कार्यक्रम. बिश्केकमध्ये ते कोण शिकवणार? परत आल्यावर इथं इंटर्नशिपला एका रात्री द्राक्षबागेत फवारणी करून पडलेला माणूस आणला. तोंडाला फेस, सदऱ्याला औषधाचा वास, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा विषबाधेवरचं औषध ॲट्रोपिन, ते द्यायचं छातीतली घरघर थांबेपर्यंत; बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघायची नाही. हे मी वाचलं ते याच परीक्षेसाठी. सहा वर्षांत तिकडं असा एक पेशंट बघितला नव्हता.

‘इथल्यांना परीक्षा नाही.’ मान्य. 2019च्या कायद्यात इथल्या आणि परदेशातल्या दोघांनाही एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा लिहिलीय, ती अजून सुरू झालेली नाही. यावर भांडायला चला, मी येतो.

‘ओळख लागते.’ डिसेंबर 2022मध्ये सीबीआयनं 73 जणांवर गुन्हा नोंदवला. आरोप हाच, की परीक्षा पास न होता राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांत डॉक्टर म्हणून नोंदणी करून घेतली. ओळख तिथंही असणारच.

मेसेजखाली एजंटाचा नंबर होता. लावला. परदेशी पदवीबद्दलच्या 2021च्या नियमांतलं विचारलं: कोर्स 54 महिन्यांचा आहे का, शिकवतात इंग्रजीत का, तिथंच 12 महिने इंटर्नशिप मिळते का, आणि त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन्स मिळतं का? म्हटलं, एवढं लेखी द्या.

“सर, तुम्ही ऑफिसला या ना, चहा घेऊ.”